पाटी, वही आणि पत्र

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे तमिळनाडूतील मंदिरांचे गाव. ते तंजावर जिल्ह्यात आहे. तंजावरवर भोसले घराण्याने दीर्घकाळ राज्य केल्यामुळे मराठी वाचकाला हा परिसर परका वाटत नाही. याच गावातील सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या एका लहानशा घरात थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेले.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे, आजोळी झाला. वडील कुंभकोणमच्या एका कापड दुकानात कारकून होते. आई कोमलताम्माळ देवळात भजने गात असत. टाउन हायस्कूलमध्ये शिकत असताना, १९०३ साली, कार नावाच्या इंग्रज लेखकाचा एक गणितग्रंथ त्यांच्या हाती आला. त्यात हजारो सूत्रे क्रमाने दिली होती. त्यांच्या सिद्धता मात्र अगदी त्रोटक होत्या किंवा नव्हत्याच. पुढे रामानुजन स्वतःची सूत्रेही याच पद्धतीने लिहू लागले.

१९०४ साली ते शाळेतून गौरवाने उत्तीर्ण झाले आणि त्यांना महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. पण गणितापुढे इतर विषयांकडे त्यांचे लक्ष लागेना. ते नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातही तेच घडले. हाती पदवी नाही आणि नोकरीही नाही, अशा स्थितीत काही वर्षे गेली.

कागद महाग होता. म्हणून रामानुजन पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने ती पुसत आणि पुन्हा लिहीत. शेवटचे उत्तर तेवढे वहीत उतरवले जाई. पाटीवर काम भराभर चाले. वहीत मात्र जागा मोजकी होती. त्यामुळे सूत्र उरले आणि तिथवर नेणाऱ्या पायऱ्या पुसल्या गेल्या.

१९१२ साली त्यांना मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात दरमहा तीस रुपयांची कारकुनी मिळाली. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. सोबत शंभराच्या आसपास सूत्रे होती. हार्डी यांनी ८ फेब्रुवारीला उत्तर लिहिले. म्हणजे केवळ तेवीस दिवसांत पत्र जहाजाने पोहोचले, वाचले गेले आणि त्याचे उत्तरही तयार झाले.

या पत्राच्या निमित्ताने संदेशवहनाच्या वेगाचा हिशेब समजून घेऊ. पत्राची पाने दहा, प्रत्येक पानावर १८०० अक्षरे, आणि गणिती चिन्हेही साध्या अक्षरांत लिहिली, असे धरले तर एकूण १८,००० अक्षरे होतात. जुन्या टेलिप्रिंटरचा एक सर्वसाधारण वेग ५० बॉड होता. म्हणजे तारेवरून सेकंदाला ५० खुणा जात. बॉड हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्यावरून आले आहे. एका अक्षरासाठी पाच खुणा लागत. पण अक्षराचा आरंभ आणि शेवट दाखवणाऱ्या खुणा मिळवल्या की साडेसात होत. या हिशेबाने आपले पत्र पाठवायला ४५ मिनिटे लागली असती. पुढे दूरध्वनीच्या तारेवर सेकंदाला २४०० बिट वाहून नेणारे मोडेम आले. तेथे आठ बिटांच्या अक्षरामागे आरंभ व शेवट धरून दहा बिट जात. म्हणून हेच पत्र ७५ सेकंदांत गेले असते.

आता संगणकाच्या हार्ड डिस्कला जोडणारी ‘साटा’ ही जोडणी घ्या. तिच्या पहिल्या पिढीचा वेग सेकंदाला दीड गिगाबिट आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठने भागले तर १८७.५ मेगाबाइट हे उत्तर येते. पण ते चूक आहे. या जोडणीत प्रत्येक आठ बिटांसाठी तारेवरून दहा बिट पाठवले जातात. म्हणून दहाने भागावे लागते आणि खरा वेग जास्तीत जास्त १५० मेगाबाइट ठरतो. एका सेकंदात अशी आठ हजारांहून अधिक पत्रे! तीनही उदाहरणांत नियम एकच आहे: वेगाचे रूपांतर करण्यापूर्वी तारेवरून जाणाऱ्यापैकी मजकूर किती आणि तो सांभाळून नेणाऱ्या खुणा किती, हे पाहावे.

हार्डी यांच्यापुढचा प्रश्न मात्र वेगाचा नव्हता. सूत्रे पोहोचली होती, सिद्धता पोहोचल्या नव्हत्या. उत्तरात त्यांनी त्या मागितल्या. रामानुजन १९१४ साली इंग्लंडला गेले. दोघांनी मिळून मोलाचे संशोधन केले आणि १९१८ साली रामानुजन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परंतु प्रकृती ढासळली. १९१९ साली ते मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रास येथे निधन पावले. अखेरच्या आजारातही त्यांचे लेखन चालूच होते.

मागे राहिल्या त्या वह्या. १९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांच्या पानांच्या जशाच्या तशा प्रती दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. १९७६ साली जॉर्ज अँड्र्यूज यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रामानुजन यांची आणखी शंभरावर पाने सापडली. ब्रूस बर्न्ट यांनी वह्यांतील सूत्रे तपासून, सिद्धतांसह पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात प्रकाशित केले. कुंभकोणमच्या पाटीवर जे काही क्षणांत पुसले गेले, ते पुन्हा उभे करायला विद्वानांना कित्येक वर्षे खर्ची घालावी लागली.

आज त्या वह्यांची चित्रे क्षणार्धात जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवता येतात. पण पाठवता येते ते लिहून ठेवलेलेच. म्हणून विद्यार्थ्यांनो, गणित सोडवताना केवळ उत्तर लिहून थांबू नका. त्या उत्तराकडे नेणाऱ्या पायऱ्याही वहीत जपून ठेवा.