'फ्रॅन्केन्स्टाईन'ची जननी : मेरी शेली

'फ्रॅन्केन्स्टाईन' हे एका राक्षसाचे नाव, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः त्या राक्षसाला निर्माण करणाऱ्या व्हिक्टर नामक तरुणाचे ते आडनाव होय. राक्षसाला नावच नाही. निर्मात्याने ज्याला नावदेखील दिले नाही अशा जीवाची ही कथा जिने लिहिली, ती मेरी शेली स्वतः मातृसुखाला जन्मतःच पारखी झाली होती.

मेरीचा जन्म लंडन येथे ३० ऑगस्ट १७९७ रोजी झाला. तिची माता मेरी वुल्स्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांवरील १७९२ मधील ग्रंथामुळे विख्यात झालेली विदुषी. परंतु प्रसूतीनंतर अकरा दिवसांतच ती निवर्तली. पिता विल्यम गॉडविन हे तत्त्वचिंतक. त्यांनी १८०१ मध्ये पुनर्विवाह केला. पण सावत्र आईशी मेरीचे कधीच जुळले नाही. आईच्या थडग्यापाशी जाऊन वाचीत बसणे, हाच तिचा विसावा होता.

सोळाव्या वर्षी, १८१४ मध्ये, विवाहित कवी पर्सी शेली यांच्यासमवेत तिने गृहत्याग केला. पित्याने तिच्याशी संबंध तोडले. पुढील वर्षी तिचे पहिले अपत्य अवघ्या काही दिवसांत दगावले. ते बाळ नुसते गारठले होते व विस्तवापाशी चोळताच पुन्हा जिवंत झाले, असे स्वप्न पडल्याची नोंद तिने आपल्या रोजनिशीत केली आहे.

१८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याच्या परिणामी १८१६ चा युरोपातील उन्हाळा थंड व पावसाळी गेला. जिनिव्हा सरोवराकाठी जमलेल्या मित्रमंडळींना घरातच बसावे लागले, तेव्हा प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी, असे कवी बायरन यांनी सुचविले. अठरा वर्षांच्या मेरीने लिहावयास घेतलेली कथा १ जानेवारी १८१८ रोजी प्रसिद्ध झाली. तिजवर लेखिकेचे नाव नव्हते.

मनोविश्लेषणशास्त्राचे जनक फ्रॉइड यांचा जन्म मेरीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी झाला. तरीही व्हिक्टरचे चरित्र त्या शास्त्राच्या प्रकाशात अधिक उलगडते. विद्यापीठात जाण्याच्या तोंडावर व्हिक्टरची आई वारते. तेथे तो मृत शरीरांच्या अवयवांतून जीव घडविण्याच्या ध्यासाने झपाटला जातो. मृत्यूवर विजय मिळविण्याची ही आकांक्षा म्हणजे न पचलेला मातृशोकच नव्हे काय? त्याचे उत्तर कथेतच आहे. राक्षसाने डोळे उघडताच व्हिक्टर भिऊन पळतो व झोपी जातो; स्वप्नात तो आपली वाग्दत्त वधू एलिझाबेथ हिला जवळ घेतो, तोच तिच्या जागी आईचे प्रेत दिसू लागते. जागेपणी दडपलेले दुःख निद्रेत असे वर येते.

राक्षस हा व्हिक्टरच्याच सुप्त मनाचा नाकारलेला अंश आहे, असे अनेक समीक्षक मानतात. व्हिक्टरची प्रिय माणसेच त्याच्या हातून बळी पडतात, आणि व्हिक्टरही त्या हत्यांचा दोष वारंवार स्वतःकडे घेतो. मात्र निरपराध जस्टीन फाशी जात असता तो तोंड उघडीत नाही. अमेरिकन समीक्षक एलेन मोअर्स यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात या कथेचा संबंध मेरीच्या प्रसूतींशी व अपत्यशोकाशी जोडला. अर्थात, कोणतीही कलाकृती केवळ लेखकाच्या दुःखाचा हिशेब नसते, हे भान वाचकाने राखावे.

पुढे मेरीची आणखी दोन मुले वारली आणि १८२२ मध्ये पती समुद्रात बुडून मृत्यू पावले. चोविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या या मातेने लेखणीच्या आधारे एकुलता उरलेला पुत्र वाढविला. १८२३ च्या आवृत्तीवर तिचे नाव झळकले. १८३१ मध्ये कथा सुधारून लिहिताना तिने नवी प्रस्तावना जोडली व तीत या भयंकर कथेला आपले अपत्य मानून तिचे भले चिंतिले. १ फेब्रुवारी १८५१ रोजी लंडन येथे तिचे देहावसान झाले.

व्हिक्टरने आपल्या निर्मितीकडे पाठ फिरविली आणि तो नाश पावला. मेरीने आपल्या भयाला व दुःखाला शब्द दिले, आणि त्यांना आपले म्हटले. मित्रहो, मनातील जे आपण नाकारतो ते नाहीसे होत नाही. ते केवळ निनावी होऊन आपला पाठलाग करते. मेरीच्या जीवनापासून घेण्याजोगा बोध तो हाच.