हृदयवैद्य डॉ. रुस्तम वकील

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकाच्या क्षेत्रात हा पुरस्कार फार मानाचा समजला जातो. त्या वर्षी त्यांच्यासमवेत ज्यांचा गौरव झाला, त्यांत मनोविकारांवर उपचार करणाऱ्यांचाच भरणा होता. हृदयाचा वैद्य मनाच्या वैद्यांच्या पंक्तीत कसा जाऊन बसला? हे उमगण्यासाठी त्यांच्या चरित्राबरोबर एका साध्या मुळीची हकिकतही पाहावी लागते.

डॉ. वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी लंडनमध्ये वैद्यकाचे उच्च शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून मुंबईतच व्यवसायास आरंभ केला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी त्यांचा निकटचा संबंध होता. गिरणगावातील कामगारांपासून सधन घरांपर्यंत सर्व थरांतील रुग्ण त्यांच्या पाहण्यात येत. त्यांतील अनेकांच्या तक्रारी सारख्याच असत: छातीत धडधडते, ठोका चुकतो, डोके जड होते, झोप लागत नाही, जीव घाबरतो.

या तक्रारींमागे शरीराची एक व्यवस्था आहे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंज असतो. तेथून विजेचा सूक्ष्म संदेश निघतो आणि त्या तालावर हृदय आकुंचन पावते. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा स्पंदन पावते. मनात भीती किंवा काळजी दाटली, की मेंदूच्या आज्ञेने ॲड्रेनालिनसारखी द्रव्ये रक्तात उतरतात. ठोके जलद होतात, रक्तदाब चढतो. कधी एखादा ठोका वेळेआधीच पडतो. त्यानंतर हृदय क्षणभर थांबल्यासारखे वाटते आणि पुढचा ठोका जोराचा पडून छातीत गचका बसतो. निरोगी माणसातही असे घडते. परंतु तो गचका जाणवताच माणूस अधिक घाबरतो, भीतीने ॲड्रेनालिन वाढते आणि ठोके आणखी बिघडतात. असे हे चक्र आपणच आपल्याला गती देत राहते.

मात्र प्रत्येक धडधड मनाच्या माथी मारणे धोक्याचे ठरते. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचे विकार, हृदयाच्या झडपांचे दोष यांमुळेही ठोके अनियमित होतात. धडधडीबरोबर छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे असतील, तर रुग्णालय गाठण्यास विलंब लावू नये. रायपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांतही ईसीजी काढून हृदयाचा ताल कागदावर पाहता येतो. एवढे करून मग मनाचा विचार करावा.

डॉ. वकील यांच्या तरुणपणी उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत गेला. उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असतानाही १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. जेथे राष्ट्राध्यक्षांची ही गत, तेथे परळच्या चाळीतील रुग्णाने कोणाकडे पाहावे?

भारतात मात्र सर्पगंधा नावाची वनस्पती पूर्वापार ठाऊक होती. सर्पदंश, निद्रानाश आणि वेड यांवर तिची मुळी दिली जाई. बिहारकडे तर लोक तिला वेडावरचे औषध म्हणूनच ओळखत. १९३१ साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांच्या सहकाऱ्याने तिच्यातील काही द्रव्ये वेगळी केली आणि त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलिन हे नाव दिले. त्याच वर्षी सेन व बोस या वैद्यांनी ही मुळी रक्तदाब उतरवते, असे नमूद केले. परंतु जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. परंपरेने सांगितले ते सारे खरे मानणारे आणि सारेच खोटे मानणारे, असे दोनच पक्ष त्या काळी मोठे होते.

डॉ. वकील यांनी तिसरी वाट धरली. मुळीचे औषध रुग्णांना द्यायचे, रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजायचा आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचे. हे काम ऐकायला सोपे असले, तरी फार चिकाटीचे होते. डॉक्टरांसमोर बसल्यानेच कित्येकांचा रक्तदाब चढतो, म्हणून एका मोजणीवर विसंबता येत नाही. १९४० साली त्यांनी या विषयावर मुंबईतील नियतकालिकात लिहिले. पुढे ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. बहुतेक रुग्णांचा रक्तदाब उतरला होता.

या लेखाने चित्र पालटले. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ते औषध आपल्या रुग्णांना दिले. रक्तदाब उतरला, नाडी मंदावली आणि रुग्ण शांतही झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच सुमारास नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात त्याचा वापर सुरू केला. लास्कर पुरस्काराच्या पंक्तीत डॉ. वकील यांच्या शेजारी क्लाइनही होते.

गंमत अशी, की ज्या मुळीत मन व नाडी शांतवणारे रेसरपिन होते, त्याच मुळीतील अजमलिन पुढे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर उपयोगी पडले. आजही युरोपात तालाचा एक छुपा दोष शोधण्यासाठी रुग्णालयात ते टोचून पाहतात.

या औषधाला दुसरी बाजूही होती. रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासीनतेने ग्रासल्याचे आढळले. अधिक सोयीची औषधे आली आणि त्याचा वापर ओसरला. म्हणूनच कोणी आणून दिलेली सर्पगंधेची मुळी आपल्या मनाने उगाळून घेणे योग्य नव्हे.

डॉ. वकील यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९६५ साली भटनागर पुरस्कार लाभला. १९७४ साली त्यांचे निधन झाले. सर्पगंधा छत्तीसगडच्या वनांतही आढळते आणि त्या राज्याचे औषधी वनस्पती मंडळ रायपुरातच आहे. औषध मुळात असल्यामुळे ते काढायचे तर रोपच उपटावे लागते. जगभर मागणी वाढली तशी जंगलातील रोपे विरळ होत गेली. आता परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि ज्यांना ही मुळी हवी, त्यांनी ती शेतात लावून वाढवावी, असा प्रयत्न चालू आहे.