राणीसाहेब आणि त्यांच्या सख्या

फूलबागेतील समाधीपुढे आपण सर्वच नतमस्तक होतो. वाराणसीत जन्मलेली मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह होऊन झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. १८५३ साली पती निवर्तले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी दत्तक पुत्र दामोदररावांचा हक्क नाकारून झाशी खालसा केली.

राणीसाहेबांचा पराक्रम एकटीचा नव्हता. पडद्याच्या त्या काळात त्यांनी स्त्रियांना हत्यार चालविणे शिकविले. १८५८ च्या वेढ्यात झाशीच्या स्त्रिया तोफांपर्यंत दारूगोळा पोहोचवीत होत्या. झलकारीबाईंचे नाव बुंदेलखंडात आजही आदराने घेतले जाते. सखी मुंदर तर झाशीहून काल्पी आणि काल्पीहून ग्वाल्हेर अशी सावलीसारखी सोबत राहिली. जून १८५८ मध्ये आपल्या शहराजवळ कोटा-की-सराय येथील लढाईत दोघींना वीरमरण आले.

राणीसाहेबांचे नाव प्रत्येक मुलाच्या ओठांवर आहे. मुंदरचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. संकटात सोबत न सोडणे हेही शौर्यच आहे, असे आम्ही मानतो. म्हणून यंदा समाधीवर फुले वाहताना एक फूल मुंदरच्या नावानेही अवश्य वाहावे, ही आमची सर्वांना विनंती.