दोन बोटांचा रियाज



या पानावर आम्ही बहुधा आपल्या माहितीतल्या थोर माणसांची ओळख करून देतो. या वेळचा माणूस मात्र बेल्जियममध्ये जन्मला, फ्रान्समध्ये वाढला आणि शाळेची पायरी त्याने जवळजवळ चढलीच नाही. त्याचे नाव जँगो राइनहार्ट. आपल्या संगीत वर्गात गिटार शिकणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे. त्यातही इलेक्ट्रिक गिटारचे आकर्षण जास्त. रोज किती वेळ वाजवावे आणि नेमके काय वाजवावे, हा प्रश्न मुले विचारतात. हे सगळे शाळेत कशासाठी, हा प्रश्न पालक विचारतात आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही तो निघतो. दोन्ही प्रश्नांवर बोलताना आम्हाला जँगोचे आयुष्य आठवते.

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबर्शी या खेड्यात झाला. खेडे म्हणायचे ते नावाला, कारण घर म्हणजे घोड्याने ओढायची लाकडी गाडी. आई-वडील रोमा जमातीचे. हे लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले आणि फिरत फिरत युरोपात पोहोचले. त्यांच्या भाषेत पाण्याला आजही पानी म्हणतात. जँगोच्या शाखेचे नाव मानूश, आणि त्याचा अर्थ माणूस. आपल्या मराठीतला तोच शब्द एवढा प्रवास करून तिकडे नांदतो आहे, हे वाचून आम्हाला तरी मोठी गंमत वाटली.

पुढे तांडा पॅरिसच्या जुन्या तटबंदीबाहेर मुक्कामाला आला. तेथे बारा वर्षांच्या जँगोला कोणीतरी गिटारसारख्या तारा लावलेला बँजो दिला. शिकवायला गुरू नव्हता. तांड्यातल्या मोठ्यांची बोटे तो बघत बसे आणि मग तसेच वाजवून पाही. थोड्याच दिवसांत तो पॅरिसच्या नृत्यगृहांत अ‍ॅकॉर्डियनवाल्यांना साथ करून पैसे मिळवू लागला. १९२८ साली त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे आपल्या नावाचे स्पेलिंग त्याला सांगता आले नाही आणि तबकडीवर ते चुकीचेच छापले गेले. त्याच वर्षी इंग्लंडचा नावाजलेला बँडप्रमुख जॅक हिल्टन याने त्याला ऐकले आणि आपल्या ताफ्यात येण्याचे निमंत्रण दिले. वय अठरा, आणि समोर लंडन!

जँगो लंडनला गेला नाही. त्या वर्षीच्या शरद ऋतूत एका रात्री कार्यक्रम आटोपून तो गाडीत परतला. त्याची पत्नी बेला विक्रीसाठी नकली फुले बनवीत असे आणि गाडी त्या फुलांनी भरलेली होती. फुले सेल्युलॉइडची. हा पदार्थ किती झटकन पेट घेतो, हे नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या विज्ञानाच्या सरांना विचारावे. मेणबत्तीची ज्योत फुलांना लागली आणि क्षणात गाडी पेटली. दोघे जीव वाचवून बाहेर पडले, पण जँगोचा उजवा पाय आणि डावा हात फार भाजला. पाय कापावा लागेल असे डॉक्टरांचे मत पडले. त्याने नकार दिला. पाय वाचला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र आखडून तळव्याकडे वळली, ती कायमची.

गिटारवर डावा हात स्वर दाबतो आणि उजवा तार छेडतो. म्हणजे जो हात वाद्यावर सगळे बोलतो, त्याचीच दोन बोटे गेली. नुकसान किती मोठे होते हे कळण्यासाठी थोडे गणित करू. गिटार शिकणाऱ्या मुलाला सुरुवातीला एक मेहनत देतात. चार बोटे एकापाठोपाठ एक तारेवर टेकवायची, आणि क्रम दर वेळी बदलायचा. पहिले-दुसरे-तिसरे-चौथे, मग पहिले-दुसरे-चौथे-तिसरे, याप्रमाणे. चार बोटांचे असे २४ क्रम होतात. इंदूरच्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या गावात वाढलेले उस्ताद अमीर खाँ ज्या मेरुखंड पद्धतीसाठी प्रसिद्ध झाले, तिच्यात स्वरांचे असेच क्रम बदलून घोटतात. चार स्वरांचे २४ आणि सात स्वरांचे ५०४०. आता जँगोकडे बघा. चार बोटांचे २४ क्रम त्याच्या हातून गेले. दोन बोटांचे क्रम किती होतात? फक्त दोन.

जवळजवळ अठरा महिने तो अंथरुणावर आणि दवाखान्यात होता. धाकटा भाऊ जोसेफ याने त्याला गिटार आणून दिली आणि जँगोने रोज तिच्यावर बसून काम सुरू केले. आम्हाला या कामातली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. जुनी सफाई परत आणण्याच्या मागे तो लागला नाही. तो मार्ग बंद झाला होता. त्याने उरलेल्या हाताला काय जमते याचा शोध घेतला आणि तेच घोटले. बाकीचे वादक हात एका जागी ठेवून चार बोटांनी आडवे एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जात. जँगोला ते शक्य नव्हते, म्हणून त्याचा हात गिटारच्या मानेवर उभा, वर-खाली धावू लागला. तर्जनी आणि मधले बोट यांवर त्याने सगळ्या ताना बसवल्या. वाकलेली दोन बोटे ताना घेऊ शकत नव्हती, पण पातळ तारांवर आकड्यासारखी अडकवता येत होती. म्हणून कॉर्ड धरताना त्याने त्यांना कामाला लावले. खर्जाच्या तारेसाठी अंगठा मानेवरून वळवून वापरला. पुस्तकात दिलेल्या कॉर्डच्या आकृत्या त्याला धरताच येत नव्हत्या. त्यामुळे त्याने स्वतःचे आकार शोधले, आणि त्या आकारांतून जे स्वरमेळ निघाले ते तोवर गिटारवर कोणी फारसे वाजवीत नव्हते.

हे सगळे काही एका आठवड्यात झाले नाही. पालकांनी अठरा महिने हा आकडा लक्षात ठेवावा. क्लास लावून तीन महिने झाले तरी मुलाला एक गाणे पूर्ण येत नाही, अशी तक्रार आमच्याकडे येते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

आता रोजच्या वेळेचा प्रश्न. आमच्या संगीत शिक्षकांशी बोलून आम्ही जे समजून घेतले ते येथे देतो. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसलेले केव्हाही चांगले, कारण बोटांना सवय पुनःपुन्हा केल्यानेच लागते. त्यातली पहिली दहा मिनिटे वर सांगितलेल्या २४ क्रमांपैकी एक-दोन क्रमांना द्यावीत. मेट्रोनोम ६० वर लावून एका ठोक्याला एकच स्वर वाजवावा, आणि चार वेळा ओळीने स्वच्छ आल्याशिवाय लय वाढवू नये. इलेक्ट्रिक गिटारवर दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. तिच्या तारा पातळ आणि मानेला जवळ असतात. जोर लावून दाबले तर स्वर चढतो, म्हणून आवाज निघेल इतकेच दाबायचे. दुसरे म्हणजे न वाजवलेली तारही अ‍ॅम्प्लिफायरमधून गुणगुणत राहते. ती हाताच्या कडेने दाबून गप्प ठेवण्याचा सराव वेगळा करावा लागतो. मुलांना फाटलेला, घोगरा आवाज फार आवडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. सुरुवातीची मेहनत मात्र साध्या, स्वच्छ आवाजात करावी, कारण घोगऱ्या आवाजात अस्पष्ट वाजलेले स्वर झाकले जातात. उरलेल्या वेळात कॉर्ड बदलण्याचा सराव, आणि शेवटी आवडत्या गाण्यातली एखादीच ओळ कानाने ऐकून उचलावी. मनगट किंवा बोट दुखू लागले तर लगेच थांबावे. दुखणे सोसणे म्हणजे मेहनत नव्हे.

कानाने उचलणे जँगोनेही केले. बरा झाल्यावर, १९३१ च्या सुमारास, दक्षिण फ्रान्समधील तुलाँ येथे एमील साव्हित्री या चित्रकाराच्या घरी त्याने अमेरिकेतून आलेल्या जाझच्या तबकड्या ऐकल्या. त्यांत लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट होता. तो ऐकून जँगो भारावला आणि ट्रम्पेटवरचे ते बोल दोन बोटांनी गिटारवर काढू लागला. १९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली आणि त्याने मिळून पाच जणांचा वाद्यवृंद उभा केला. एक व्हायोलिन, तीन गिटार आणि एक मोठा बास. ड्रम नाहीच. फ्रान्सच्या हॉट क्लबचे पंचक म्हणून हा वृंद युरोपभर गाजला. ग्रापेलीने जँगोला थोडेफार लिहायलाही शिकवले.

१९३९ मध्ये महायुद्ध जाहीर झाले तेव्हा हे पंचक लंडनमध्ये होते. ग्रापेली तेथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. जर्मनांच्या ताब्यातील युरोपात लाखो रोमा मारले गेले. जँगोच्या डोक्यावरही ती तलवार होतीच. १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये निसटण्याचा प्रयत्न केला आणि तो सीमेवर पकडला गेला. चरित्रकार सांगतात की तेथील जर्मन अधिकारी त्याच्या संगीताचा चाहता निघाला, म्हणून तो सुटला. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा स्विस पहारेकऱ्यांनी परत पाठवले. याच काळात, १९४० साली, त्याने न्युआज ही आपली सर्वांत प्रसिद्ध रचना ध्वनिमुद्रित केली. नावाचा अर्थ ढग. परकीय सत्तेखालच्या पॅरिसमध्ये ती घरोघरी पोहोचली.

१९४६ च्या अखेरीस ड्यूक एलिंग्टनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाबरोबर तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. जाताना स्वतःची गिटार नेलीच नाही! तिकडचे कारखानदार आपल्याला गिटारी भेट द्यायला रांग लावतील, अशी त्याची समजूत होती. तशी रांग काही लागली नाही. मिळालेल्या इलेक्ट्रिक गिटारवर त्याला वाजवावे लागले. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील दुसऱ्या रात्री तर तो फार उशिरा पोहोचला. वाटेत फ्रेंच मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दाँ भेटला आणि गप्पांत वेळेचे भान राहिले नाही. जँगो असाच होता, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. कार्यक्रम सोडून बिलियर्ड खेळायला जाणे, मासे पकडायला निघून जाणे, महिनोन्‌महिने गिटार बाजूला ठेवून चित्रे काढत बसणे, हे सगळे त्याने केले. वक्तशीरपणासाठी त्याचे उदाहरण आम्ही मुलांना देणार नाही.

इलेक्ट्रिक गिटार मात्र त्याने सोडली नाही. फ्रान्सला परतल्यावर आपल्या जुन्या सेल्मर गिटारवर त्याने पिकअप बसवला. १९५१ पासून पॅरिसमध्ये तो आपल्याहून बऱ्याच लहान, नव्या धाटणीचे जाझ वाजवणाऱ्या मुलांबरोबर बसू लागला. चाळिशी उलटलेल्या नावाजलेल्या माणसाला नवे वाद्य आणि नवी पद्धत शिकणे सोपे नसते. आता लांब टिकणारा स्वर त्याच्या हाताशी होता, त्यामुळे पूर्वीचा तारा झोडपण्याचा जोर त्याने कमी केला आणि स्वर मोजके केले. मुलांनी न्युआजचे १९४० चे ध्वनिमुद्रण आणि मार्च १९५३ चे इलेक्ट्रिक गिटारवरचे ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐकावे. बोटे तीच दोन. दोन्ही आम्ही संगीत कक्षात ऐकण्यासाठी ठेवत आहोत.

येथे एका मुलाची गोष्ट सांगायला हवी. १९६५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे स्वर दाबणारा हात उजवाच. गिटार संपली असे मानून तो बसला असता. कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याला एक तबकडी आणून ऐकवली आणि ती ऐकून झाल्यावर वादकाच्या हाताची हकिकत सांगितली. तबकडी जँगोची होती. आयोमीने वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बनवून बोटांवर चढवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक म्हणून पुढे जगाने त्याला ओळखले. आज मुले ज्या जड, खोल आवाजाच्या मागे असतात, त्याची सुरुवात बरीचशी या हातातून झाली.

जँगोने हे पाहिले नाही. १९५१ पासून तो सेन नदीकाठच्या साम्वा या लहान गावात राहत होता. डोके दुखे, बोटे बधिर होत, पण डॉक्टरांकडे जायला तो तयार नसे. ८ एप्रिल १९५३ रोजी त्याने शेवटचे ध्वनिमुद्रण केले. पियानोवर मार्सियाल सोलाल नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण होता, जो पुढे स्वतः मोठा कलावंत झाला. १६ मे १९५३ रोजी, पॅरिसमध्ये वाजवून स्टेशनवरून चालत घरी येताना, जँगो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच दिवशी फाँतेनब्लोच्या दवाखान्यात त्याचे निधन झाले. वय त्रेचाळीस. १९६४ साली त्याची दुसरी पत्नी नागीन हिने त्याची ५०३ क्रमांकाची सेल्मर गिटार पॅरिसच्या संग्रहालयाला दिली. ती आजही तेथील संगीत संग्रहालयात आहे.