सांगलीचे विजय हजारे आणि रडीचा डाव



आपल्या उंब्रजवरून वाहणारी कृष्णामाई पुढे कराडला जाते आणि तिथून सांगलीला. त्या सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी एका शिक्षकांच्या घरी विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म झाला. घरात आठ भावंडं. म्हणजे परिस्थिती तुमच्या-आमच्यासारखीच. पण हाच मुलगा पुढे भारताच्या क्रिकेट संघाचा कप्तान झाला.

मी सातवीत शिकतो. हजारे यांच्यावर लिहायचं मी ठरवलं त्याला एक कारण आहे. मधल्या सुट्टीत आपल्या मैदानावर धावांवरून जेवढी भांडणं होत नाहीत, तेवढी नियमात काय बसतं यावरून होतात. हजारे यांच्या आयुष्यात असे दोन मोठे प्रसंग घडले. ते वाचून मला बरंच कळलं.

हजारे यांनी ऑस्ट्रेलियाचे नामवंत गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांच्याकडून धडे घेतले. १९४३ साली मुंबईत पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत त्यांच्या संघाने ३८७ धावा केल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या हजारे यांच्या! त्यांचे भाऊ विवेक यांनी २१ धावा काढून नुसता एक बाजूचा किल्ला लढवला. तरी सामना हरलाच. पण हरणार हे दिसत असूनही हजारे शेवटपर्यंत खेळत राहिले.

आता पहिला प्रसंग. १९४७ साली आपला संघ ऑस्ट्रेलियाला गेला. चेंडू टाकायच्या आधीच पलीकडच्या टोकाचा फलंदाज बिल ब्राऊन क्रीज सोडून पुढे निघायचा. म्हणजे धाव काढायला दोन पावलं फुकट! आपले विनू मंकड यांनी नोव्हेंबरमधल्या सामन्यात त्याला आधी ताकीद दिली आणि पुन्हा तसंच केल्यावर धावचीत केलं. डिसेंबरमध्ये सिडनीच्या कसोटीत ब्राऊन परत तसाच बाहेर पडला. या वेळी मंकड यांनी वेगळी ताकीद न देता त्याला बाद केलं. मोठा गदारोळ झाला. मंकड यांच्यावर टीका झाली आणि अशा बाद करण्याला त्यांचंच नाव चिकटलं. पण खुद्द ऑस्ट्रेलियाचे कप्तान डॉन ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली. त्याच कसोटीत हजारे यांनी ब्रॅडमनचा १३ धावांवर त्रिफळा उडवला होता. पुढे अ‍ॅडलेडला त्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. असं करणारे ते पहिले भारतीय.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी १९४९ चा, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा. समोर वेस्ट इंडीज. जिंकायला ३६१ धावा हव्या होत्या. तोपर्यंत भारताने एकही कसोटी जिंकली नव्हती. हजारे यांनी १२२ धावा केल्या, रुसी मोदी यांनी ८६. विजय जवळ आला तशी पाहुण्यांनी चालढकल सुरू केली. चेंडू फलंदाजाच्या आवाक्याबाहेर टाकायचे, षटक लांबवायचं. शेवटी तर गडबडीत पंचांनी षटकातला एक चेंडू शिल्लक असतानाच खेळ संपवला. भारत ८ बाद ३५५. फक्त ६ धावा कमी पडल्या!

आता मला सांगा, यात रडीचा डाव कुणाचा? मंकड यांनी जे केलं ते उघड, सगळ्यांदेखत आणि नियमाला धरून. फुकटची पावलं तर ब्राऊन घेत होता. तरी बदनाम झाले मंकड. मुंबईत वेळ काढणाऱ्यांनी मात्र कुठला नियम मोडला असं बोट ठेवून दाखवता येत नव्हतं, कारण दिवसात अमुक षटकं टाकलीच पाहिजेत असं बंधन तेव्हा नव्हतं. मला वाटतं, समोरच्याला खेळूच द्यायचं नाही, हा खरा रडीचा डाव. आपल्याकडे अंधार पडायला लागला की चेंडू आणायला मुद्दाम हळू चालणारे असतात ना, तसंच ते!

पुढे नियमही सुधारले. कसोटीत आता दिवसाला ९० षटकं ठरलेली असतात, उशीर केला तर दंड होतो. आणि २०२२ पासून मंकड यांच्यासारखं बाद करणं गैरखेळाच्या कलमातून काढून साध्या धावचीतच्या कलमात घातलं आहे. पण तोवर मंकड यांना जाऊन ४४ वर्षं झाली होती.

त्या ६ धावांची भरपाई हजारे यांनी खेळूनच केली. १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव ८ धावांनी हरवलं. भारताचा तो पहिला कसोटी विजय. कप्तान होते हजारे आणि १२ बळी घेणारे होते मंकड!

१९६० मध्ये हजारे यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी वडोदऱ्याला त्यांचं निधन झालं. देशातल्या एकदिवसीय सामन्यांच्या स्पर्धेला आज त्यांचंच नाव आहे, विजय हजारे करंडक.

मित्रांनो, नियम पाठ करायला एक दिवस पुरतो. पण समोरच्यालाही त्याचा डाव पुरा खेळू द्यायला मन मोठं लागतं. उद्या मैदानात उतरताना आपल्या शेजारच्या सांगलीच्या या खेळाडूची आठवण ठेवू या.