शांतीचा वाटा

जळगावहून भुसावळकडे जाताना भादली स्टेशन लागतं. आपल्या खान्देशातल्या बहुतेकींना ते एकाच कारणासाठी ठाऊक असतं. ५ मे १९१८ रोजी बालकवी तिथं मालगाडीखाली सापडून गेले. वय अवघं सत्तावीस. धरणगावचा हा मुलगा आपला, म्हणून आपल्याला त्याचं कौतुक आणि हळहळही. पण आज मला लिहायचंय ते त्याला परक्या गावात आईच्या मायेनं सांभाळणाऱ्या बाईबद्दल. लक्ष्मीबाई टिळक.

त्यांची आठवण निघाली ती धुळ्यात. तिथल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर मी नाताळच्या दिवसांत चर्चमध्ये गेले होते. प्रार्थना चालू असताना मध्येच सगळे शेजारच्याकडे वळले, हात जोडले आणि एकमेकांना शांती चिंतू लागले. एका अनोळखी आजींनी माझ्यापुढेही हात जोडले. मी गोंधळलेच. नंतर मैत्रिणीनं सांगितलं, देवापुढे दान घेऊन जाण्याआधी ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी समेट करून ये, अशी येशूची शिकवण आहे, तिची ही खूण. नगरकडचे ख्रिस्ती लोक भेटल्यावर सलाम म्हणतात, त्या शब्दाचा अर्थही शांतीच.

घरी येताना मनात आलं, हात जोडणं ठीक आहे हो. पण जिच्या स्वतःच्या घरातच शांतता नाही, तिनं दुसऱ्याला कुठून द्यायची? मग लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढून बसले.

कारण त्या घरात शांतता कधी नांदलीच नाही! नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी १८६८ साली ही मुलगी जन्मली. माहेरचं नाव मनकर्णिका. तिच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झालं होतं. त्या धक्क्यानं म्हणे तिच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं खूळ शिरलं. धान्यच काय, बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतलं जाई. आता धुतलेल्या मिठाचं काय उरणार, ते आपल्याला सांगायला नको. अशा घरातून अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. हे कवी, विद्वान, मनानं राजा, पण तितकेच तापट आणि लहरी. खिशात पैसा ठरत नसे. घरात काय आहे-नाही याचा विचार न करता देऊन टाकत. कधी न सांगता निघून जात. बायकोला लिहा-वाचायला मात्र त्यांनीच शिकवलं. शाळेची पायरी तिनं कधी चढली नव्हती.

आणि १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. तोही बायकोला न सांगता.

कल्पना करा, मैत्रिणींनो. त्या काळातली ब्राह्मणाघरची बाई, कडेवर लहान दत्तू, आणि नवरा ख्रिस्ती झाला. म्हणजे तो जिवंत असून नसल्यासारखा. नातलगांच्या आधारानं त्या पंढरपूरला राहिल्या. रडल्या, आजारी पडल्या, संतापानं कविताही केल्या. ही वर्षं त्यांनी पुस्तकात फार लपवाछपवी न करता सांगितली आहेत. मला विशेष वाटतं ते हे की कुणालाच त्यांनी खलनायक केलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, त्याच्यावर चिडलेल्या नातेवाइकांनाही नाही.

चारेक वर्षांनी त्या अहमदनगरला (आता अहिल्यानगर) टिळकांकडे गेल्या, तेही आपलं सोवळं बरोबर घेऊन. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. तापट माणसाचं हे एक मोठेपण मानायलाच हवं. बाईंच्या मनात मात्र घालमेल चालू होती. शेवटी एका रात्री त्यांनी स्वतःलाच विचारलं, जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर माणसांच्या अंगावर तशी काही खूण नको का? प्राण्यांत वेगळेपण दिसतं, माणसात कुठं दिसतं? सकाळ झाली तेव्हा शिवाशिव संपली होती. कुणाच्याही हातचं पाणी चालणार होतं. बाप्तिस्मा त्यांनी पुढे १९०० साली घेतला, पण मला वाटतं खरी गोष्ट त्या रात्रीच घडली. मीठ धुणाऱ्या बापाची लेक ती. तिनं आपल्या मनातलं भांडण आधी मिटवलं आणि मग घराचं दार उघडलं.

ते दार पुन्हा लागलंच नाही. तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ. आपल्याकडे जुनी माणसं त्याचं नाव काढलं तरी गप्प होत. टिळक पोरकी मुलं घरी आणत आणि ती बाईंच्या पदरात टाकून पुढच्या कामाला लागत. कोण कुठल्या जातीचं, हे विचारायला सवड कुणाला? न्हाऊ-माखू घालायचं, उवा काढायच्या, भाकरी पुरवायची. तारा नावाची मुलगी तर त्यांची मानलेली लेकच झाली. टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हणतात, ती म्हटलीच पाहिजेत. पण भजन लिहिणाऱ्याच्या घरी चूल कोण पेटती ठेवत होतं, तेही कुणी तरी विचारावं!

आता आपलं जळगाव. १९०७ साली इथं पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरेनं तिथं कविता म्हटली आणि ‘बालकवी’ ही पदवी मिळवली. रेव्हरंड टिळक संमेलनाला आले होते. या मुलाचं पाणी त्यांनी ओळखलं आणि पुढे त्याला नगरला आपल्या घरी आणलं.

मुलगा गोड, पण सांभाळायला अवघड. क्षणात हसणार, क्षणात रुसणार, उदास झाला की बोलणंच बंद. लक्ष्मीबाईंना एका लहरी कवीची सवय होतीच, त्यात हा दुसरा! त्यांनी त्याचे रुसवे काढले, खाऊ-पिऊ घातलं, त्याच्याशी थट्टा केली. लेकरासारखंच. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. ठोमरे हिंदू म्हणून त्या घरात आला आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिला. धर्मोपदेशकाच्या घरात राहूनही. जेवणाच्या ताटाला तिथं अट नव्हती. चर्चमध्ये त्या आजींनी माझा धर्म न विचारता हात जोडले, ते मला इथं आठवलं.

टिळक स्वतःही शेवटी याच वाटेनं आणखी पुढे गेले. १९१७ साली साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं बंधू म्हणून जागा. मिशनची नोकरी त्यापायी सुटली. घरखर्चाचा घोर पुन्हा बाईंना! दुसऱ्याच वर्षी भादलीची बातमी आली आणि मे १९१९ मध्ये टिळकही गेले. एका वर्षाच्या अंतरानं घरचे दोन कवी गेले.

बाई तेव्हा पन्नाशीच्या. रडत बसायला कुणी नाही म्हटलं नसतं. पण टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूचं चरित्र ओवीत लिहायचं राहिलं होतं, थोडेच अध्याय झाले होते. कधी शाळेत न गेलेल्या या बाईनं पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. कीर्तनं केली. मुलाबरोबर पार कराचीपर्यंत जाऊन राहिल्या. आणि मग मुलाच्या आग्रहानं आठवणी लिहायला घेतल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. इतकं सोसलेल्या बाईच्या पुस्तकात पानोपानी हसू येतं, हे मला पहिल्यांदा वाचताना खरंच वाटेना. स्वतःची फजिती तर त्या मन लावून सांगतात. नवऱ्याच्या रागाच्या गोष्टीही अशा सांगतात की राग येण्याऐवजी त्या माणसाची कीव आणि माया दोन्ही वाटते. (मला काही ठिकाणी रागच आला, हे सांगून टाकते.)

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांनी देह ठेवला. विजया मेहतांनी या पुस्तकावर सिनेमा केला. तुमच्यापैकी कुणी दूरदर्शनवर पाहिलाही असेल. पुस्तक मात्र आजही मिळतं. जाडजूड आहे, पण गावच्या वाचनालयात नक्की असेल. दुपारची झोप दोन-चार दिवस बाजूला ठेवा आणि आपल्या ठोमरेचा भाग आला की जरा सावकाश वाचा.