एकट्याची साक्ष : मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा जीवनपरिचय

समूहात बसलेला मनुष्य स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो की भोवतालच्या मंडळींच्या शब्दावर, हा प्रश्न फार जुना आहे. या प्रश्नाला प्रयोगशाळेत नेऊन त्याचे मोजमाप करणारे विद्वान म्हणजे सॉलोमन ॲश होत. निवासी शाळेतील मूल रात्रंदिवस समूहातच वाढते. समूह त्याला आधार देतो आणि त्याच्यावर दडपणही आणतो. म्हणूनच आमच्या या स्मरणिकेत या परदेशी अभ्यासकाच्या जीवनाचा परिचय करून देणे आम्हास उचित वाटते.

ॲश यांचा जन्म १४ सप्टेंबर १९०७ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण वोविच या लहानशा गावी गेले. सात वर्षांचे असताना वल्हांडण सणाच्या रात्री घडलेला एक प्रसंग त्यांना आयुष्यभर स्मरत राहिला. त्या रात्री संदेष्टा एलिया याच्यासाठी द्राक्षारसाचा एक जादा प्याला भरून ठेवण्याची प्रथा आहे. तो येऊन त्यातील घोटभर पितो, नीट लक्ष ठेव, असे काकांनी बाळ सॉलोमनला सांगितले. बालकाने टक लावून पाहिले आणि प्याल्यातील रस किंचित कमी झाल्याचे त्याला खरोखरच दिसले! वडीलधाऱ्यांच्या शब्दाने डोळ्यांना काय दिसावे हेही ठरू शकते, या शोधाचे बीज त्या रात्री पडले, असे म्हणता येईल.

१९२० मध्ये हे कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले व न्यूयॉर्कमधील स्थलांतरितांच्या दाट वस्तीत राहू लागले. इंग्रजी न येणारा हा लाजाळू मुलगा वर्गात मूक बसे. पुढे चार्ल्स डिकन्स यांच्या कादंबऱ्या वाचत वाचत त्याने ती भाषा आत्मसात केली. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, अशा स्थितीत शिकलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना त्या मुलाचे मौन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. सिटी कॉलेजमधून १९२८ मध्ये पदवी घेऊन ॲश कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केले ते हेच विद्यापीठ होय. तेथे १९३२ मध्ये ॲश यांना डॉक्टरेट मिळाली.

नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून न्यूयॉर्कला आलेले माक्स वेर्थहायमर यांच्या विचारांचा ॲश यांच्यावर खोल परिणाम झाला. मनुष्य सुट्या संवेदनांची बेरीज करीत नाही, तो संपूर्ण परिस्थितीचा अर्थ लावतो, हा त्या विचाराचा गाभा होता. १९४७ पासून एकोणीस वर्षे ॲश यांनी स्वार्थमोर कॉलेजात अध्यापन केले. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रयोग याच काळात प्रसिद्ध झाले.

प्रयोगाची मांडणी साधी होती. सात ते नऊ विद्यार्थी एका खोलीत बसत. एका पत्त्यावर एक रेघ आणि दुसऱ्यावर कमीजास्त लांबीच्या तीन रेघा दाखविल्या जात. पहिल्या रेघेइतकी लांब रेघ कोणती, एवढेच प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे. त्या मंडळींत खरा परीक्षार्थी एकच असे. बाकीचे सर्व आधी पढविलेले असत. अठरा फेऱ्यांपैकी बारा फेऱ्यांत ते सगळे एकमुखाने चुकीचे उत्तर देत आणि मग या एकट्याची पाळी येई.

एकांतात शंभरात एकही चूक होऊ नये इतके हे काम सोपे होते. तरीही तीन शिक्षणसंस्थांतील १२३ विद्यार्थ्यांवर केलेल्या या प्रयोगात, दडपणाच्या फेऱ्यांतील ३६.८ टक्के उत्तरे बहुमताच्या बाजूने चुकीची आली. सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी मात्र एकदाही ढळले नाहीत.

ॲश आकड्यांपाशी थांबले नाहीत. प्रयोगानंतर प्रत्येकाला सत्य सांगून ते त्याच्याशी सविस्तर बोलत. ढळलेल्यांपैकी काहींना आपल्याच दृष्टीत दोष आहे असे वाटले होते. काहींना सत्य दिसत होते, परंतु वेगळे पडण्याची त्यांना भीती वाटली. न ढळलेल्यांमध्येही सगळेच निःशंक नव्हते. कित्येकांच्या मनात आपण चुकत असू अशी शंका होती. तरीही जे दिसते ते सांगणे आपले कर्तव्य आहे, असे मानून ते बोलले होते. आम्हास हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. शंका असूनही प्रामाणिक साक्ष देता येते, हे त्या तरुणांनी दाखविले.

पुढील प्रयोगांत ॲश यांनी परिस्थिती बदलून पाहिली. विरोधात एकच माणूस असता परीक्षार्थी क्वचितच डगमगे. दोघे असता चुका १३.६ टक्क्यांवर गेल्या आणि तिघे असता ३१.८ टक्क्यांवर. त्यापुढे संख्या वाढवूनही फारसा फरक पडला नाही. उलट, खरे बोलणारा एक जरी साथीदार मिळाला, तरी चुका चौथाईवर आल्या. तोच साथीदार मध्येच बहुमताला जाऊन मिळाला की चुका पुन्हा एकदम वाढत. म्हणजे एकमुखीपणा हेच बहुमताचे खरे बळ होते, आणि ते मोडण्यास एक आवाज पुरेसा होता.

ॲश यांचे एकेकाळचे सहायक स्टॅन्ली मिलग्राम यांनी पुढे आज्ञापालनाविषयी गाजलेले प्रयोग केले. ॲश यांनी स्वतः रटगर्स व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत कार्य केले आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. मनुष्य म्हणजे मेंढरू, असा त्यांच्या प्रयोगांचा अर्थ अनेकांनी लावला. त्यांना तो मान्य नव्हता. दडपणाखालीही जवळजवळ दोनतृतीयांश उत्तरे बरोबर होती. समाजाला सहमती हवीच, परंतु प्रत्येकाने स्वतः पाहून, स्वतः विचार करून दिलेली सहमतीच समाजाच्या कामाची, अशी त्यांची भूमिका होती.

केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून न स्वीकारता स्वतः पारखून घ्यावे, हेच त्याचे सार आहे. आपल्या समाजाने एकमुखीपणाचा जाच पिढ्यानपिढ्या सोसला आहे. पाणवठा बंद ठेवण्याच्या रूढीपुढे गावातील ज्यांना अन्याय दिसत होता, तेही गप्प बसत. त्यांतील एकाने जरी तोंड उघडले असते, तर आणखी कितीजणांना धीर आला असता!

हाच प्रश्न आज आमच्यापुढेही उभा आहे. आम्ही मुलांना रांगेत चालण्यास आणि एका सुरात वंदना म्हणण्यास शिकवितो. ती शिस्त आवश्यकच आहे. परंतु वसतिगृहात एखाद्या नवख्या मुलाची सर्वजण टिंगल करीत असता, हे बरे नव्हे असे म्हणणारा एक विद्यार्थी आमच्या शिस्तीतून घडतो की त्याच शिस्तीत दबून जातो, याची तपासणी आम्ही वेळोवेळी केली पाहिजे. पालकांनीही मुलाचे वेगळे मत ऐकताच त्याला उद्धट ठरवू नये; त्याने काय पाहिले ते आधी विचारावे. माजी विद्यार्थी आज कचेऱ्यांत, संस्थांत व पंचायतींत बसतात. तेथे खरे बोलणारा कोणी एकटा पडलेला दिसला, तर त्याच्या बाजूने उच्चारलेला त्यांचा एक शब्द किती मोलाचा ठरतो, हे ॲश यांनी मोजून दाखविले आहे.